माझ्या आईची साडी पांढरीच आहे

माझ्या आईला त्यांनी हिरवी साडी नेसवली. मला न विचारता. तिला न विचारता. तिच्या कपाळावर ठसठशीत कुंकू लावलं, हातात हिरवा चुडा भरला, आणि भिंतीवरच्या पडद्यावर तिला दाखवून टाळ्या वाजवल्या.

मी तिथंच उभी होते. हातात फराळाची कागदी प्लेट. तोंडात अर्धी चकली. ती चावायची का गिळायची ते मला कळेना.

घर होतं वसुधाकाकूंचं, अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलमधलं. दिवाळीनंतरचा शनिवार. काकू म्हणजे आमच्या मराठी मंडळाच्या सर्वेसर्वा. गणपती कुठल्या शाळेच्या हॉलमध्ये बसवायचा, नाटकात कोण घ्यायचं, कुणी भात करायचा आणि कुणी नुसते कागदी ग्लास आणायचे, हे सगळं त्या ठरवायच्या. त्यांच्या यजमानांना आम्ही काका म्हणायचो. काकांनी मंडळाची वेबसाइट केली होती. तिच्यात ‘कलादालन’ नावाचं एक पान. त्या दिवशी त्याचं उद्घाटन होतं, आणि पहिलं चित्र माझं होतं.

माझं होतं म्हणजे, एकेकाळी माझं होतं.

मी चित्रं काढते. नागपूरला शिकले. लग्न होऊन इथं आले ती एच-फोर व्हिसावर. म्हणजे नवरा नोकरी करणार, आणि बायकोनं घरात बसायचं. नोकरीची परवानगी नाही, हातात पगार नाही, गाडी नवरा घेऊन जाणार. अशात माणूस एकतर वेडं होतं, नाहीतर काहीतरी करतं. मी रंगवायला लागले. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून.

पहिलं चित्र आईचं काढलं. आई तिच्या लग्नात. पांढरी साडी, कपाळ मोकळं, हात जोडलेले, समोर मेणबत्ती पेटलेली. आमच्यात नवरी पांढऱ्या साडीत असते. बुद्धवंदना होते, हार घातले जातात, झालं लग्न. आई ती साडी अजून जपून आहे. घडीतून काढते, हात फिरवते, परत ठेवते. आमच्या वस्तीत पांढरा रंग दिसला की लोक विचारतात, कुणाचं लग्न आहे?

काकू एकदा घरी आल्या तेव्हा त्यांनी चित्रं पाहिली. “अगं, तू तर छुपी रुस्तम निघालीस!” म्हणाल्या. खाली कोपऱ्यातली सही वाचली. मी चित्रावर माहेरचं पूर्ण नाव लिहिते. नवऱ्याचं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी ‘कर’ लागलेलं. त्याच्यावरून कुणाला काही कळत नाही. माझ्या माहेरच्या आडनावावरून कळतं.

“हे कुठलं गं आडनाव?”

“नागपूरचं,” मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली, चित्रं स्कॅन करायला नेली आणि मग परत आणून दिली. मला आनंद झाला होता, हे कबूल करते. इंटरनेटवर माझी चित्रं! आई नागपुरात सायबर कॅफेत जाऊन बघेल. शेजारणींना घेऊन जाईल. तेवढ्या एका गोष्टीसाठी मी ती चित्रं दिली होती.

आणि आता आई पडद्यावर होती. हिरव्या साडीत. मेणबत्तीची पणती झालेली. कोपरा कापलेला, सहीसकट. खाली लिहिलेलं: ‘सौभाग्यवती. मंडळाच्या एका सदस्येची कलाकृती.’

“काकू, हे माझं चित्र नाही,” मी म्हणाले.

“अगं तुझंच! काकांनी कॉम्प्युटरवर जरा टच-अप केलं, इतकंच. दिवाळीच्या दिवसांत पांढरं पातळ, मोकळं कपाळ, पुढे मेणबत्ती... कुणी गेल्यासारखं वाटत होतं गं. आता बघ कशी प्रसन्न दिसतेय.”

“काकू, ते माझ्या आईचं लग्न आहे.”

“लग्न?” त्या हसल्या. सगळ्यांकडे बघून हसल्या. “पांढऱ्यात?”

मग त्यांचं हसणं थांबलं. मला दिसलं ते थांबताना. त्यांना आडनाव आठवलं असणार.

“तुमच्यात असं असतं का?”

तुमच्यात. मराठीतला हा एक शब्द. शिवी नाही, काही नाही. कुणी कुणाला हात लावला नाही. पण त्या हॉलमधल्या सगळ्यांनी एकदम आपापल्या प्लेटमध्ये बघायला सुरुवात केली. जणू चिवड्यात काही हरवलं होतं. माझा नवराही प्लेटमध्येच बघत होता.

निघताना काकूंनी माझा डबा माझ्या हातात दिला. शंकरपाळ्यांचा. सांडू नये म्हणून झाकणाला मी टेप लावली होती. टेप तशीच होती.

“घेऊन जा गं. इथं उरतंच.”

बाकी कुणाचा डबा परत गेला नाही.

गाडी नवरा चालवत होता. सिग्नलला थांबल्यावर म्हणाला, “जाऊ दे ना यार. इग्नोर कर.” काका त्याच्याच कंपनीत वरच्या खुर्चीवर. आमच्या ग्रीन कार्डाचे कागद त्यांच्या हातून पुढे सरकणार होते. त्याची भीती मला समजत होती. पण माझी आई हिरव्या साडीत होती, आणि ती साडी फेडणं कुणाच्या हातात होतं? काकांच्या.

दुसऱ्या दिवशी मी आईला फोन केला. सगळं सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, सोड. आयुष्यभर ती तेच म्हणत आलीय, सोड बाई, मोठ्या लोकांच्या नादी लागू नये. पण तिनं तसं म्हटलं नाही.

“मले इचारलं का त्यायनं?” आई म्हणाली.

एवढंच.

मी काकूंना फोन केला. चित्र जसं होतं तसं लावा, नाहीतर काढून टाका, म्हणाले. काकूंचा आवाज गोड होता. गुळाच्या ढेपेसारखा, आत खडा असलेला.

“हे बघ, आम्ही जात-बित काही मानत नाही हं. इतकी वर्षं इथं आहोत. तूच मध्ये आणतेयस. मंडळाच्या साइटवर हे असलं नको. फुकटात जागा दिली, त्याचं कौतुक राहिलं बाजूला! एवढंच असेल तर काढ बाई स्वतःची साइट.”

मी फोन ठेवला. जात आणली कुणी? डबा परत कुणी दिला? सही कापली कुणी? कापणारे स्वच्छ, आणि रक्त आलं म्हणणारी मी घाणेरडी. हे गणित मला शाळेपासून पाठ आहे. शाळेत बाई माझी चित्रकलेची वही उचलायच्या ती दोन बोटांनी, कोपऱ्याला धरून. वर्गात चित्र दाखवायच्या ते मात्र दुसऱ्या मुलीचं. तिनं माझंच बघून काढलेलं. तेव्हा मी गप्प बसले. मोठी झाल्यावर थांबेल असं वाटायचं. सात समुद्र ओलांडून आले, इथंही तेच.

काढ स्वतःची साइट. बरं. काढते.

जवळच पब्लिक लायब्ररी होती. पायी जायची. फुटपाथ मध्येच संपायचा, मग गवतातून. तिथं कॉम्प्युटर फुकट, पण आपली वेळ संपली की उठायचं आणि परत नंबर लावायचा. वेबपेज कसं करायचं याचं एक जाडजूड पुस्तक घरी आणलं. नवरा इंजिनिअर. त्याला विचारलं असतं तर एका संध्याकाळी झालं असतं. नाही विचारलं. चुकत चुकत शिकले. कोडमधली एक खूण बंद करायची राहिली की अख्खं पान तिरकं व्हायचं.

पहिली साइट फुकटची केली. फुकटच्या साइटवर वर जाहिरात लावायचे ते लोक. उघडून बघते तर आईच्या डोक्यावर वजन कमी करायच्या गोळ्या! मी इतकी चिडले की रडले. फुकट मिळालेल्या जागेत आपल्या माणसाच्या डोक्यावर काय बसेल हे दुसराच ठरवतो. काकू असोत की कंपनी.

मग स्वस्तातली जागा शोधली. भाड्याची, पण जाहिरात नाही. महिन्याचं भाडं म्हणजे एक पिझ्झा. त्या वेळी आम्ही शुक्रवारी पिझ्झा मागवायचो. नवऱ्याला म्हटलं, एक पिझ्झा कमी.

चित्रांचे फोटो काढायचे तर आणखी एक लढाई. फ्लॅश मारला की रंग चकाकतो. दिव्याखाली काढला की साडी पिवळी. सावलीत काढला की निळी. बाल्कनीत खुर्चीवर चित्र उभं केलं, ढगाळ दिवसाची वाट बघितली, कॅमेऱ्याला आधी कोरा कागद दाखवला, हे पांढरं, असं सांगितलं. काढत राहिले. पांढरं पांढरं दिसेपर्यंत. मग फोटो लहान केले. नागपूरच्या कॅफेत इंटरनेट मुंगीच्या पावलानं चालायचं. आईला ताटकळत ठेवायचं नव्हतं.

शेवटी नावाची अडचण आली. मराठी अक्षरं टाकली की लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर नुसते चौकोन. इंग्रजीत लिहायचं नव्हतं मला. मग मी ब्रश घेतला. कागदावर माझं नाव रंगवलं, माहेरच्या आडनावासकट, जाड, निळ्या रंगात. त्याचाच फोटो काढला आणि पानाच्या डोक्यावर लावला. गोळ्यांची जाहिरात होती ना, तिथं.

जागा भाड्यानं घ्यायला क्रेडिट कार्ड लागतं. माझ्या नावावर या देशात काहीच नव्हतं. नवऱ्यानं कार्ड टेबलावर ठेवलं आणि पडद्याकडे बघितलं.

“आडनाव नको ना यार. प्लीज. नुसतं नाव टाक. आर्टिस्ट लोक टाकतात तसं.”

“त्यांनी कापलं ते आडनावच होतं,” मी म्हणाले. “आता मीच कापू?”

तो उठून आत गेला. कार्ड टेबलावरच होतं. मी त्यावरचे आकडे टाकले.

साइट उघडली. पहिल्या पानावर आई. पांढऱ्या साडीत. खाली तसंच ब्रशनं लिहून, फोटो काढून लावलं: ‘माझ्या आईचं लग्न. आमच्यात नवरी पांढऱ्या साडीत असते.’ आणि मंडळाच्या ई-मेल ग्रुपवर पत्ता पाठवला. सगळ्यांना. एका ओळीत: ‘मंडळाच्या साइटवर हिरव्या साडीत जी बाई आहे, ती ही.’

ई-मेल काढून टाकला गेला. ‘ग्रुपवर वैयक्तिक जाहिरात चालत नाही,’ असं उत्तर आलं. त्याच ग्रुपवर त्याच दिवशी कुणाचा सोफा विकायला होता आणि कुणाचे उकडीचे मोदक. पण तोवर लोकांनी बघितलं होतं. दोन दिवसांत मंडळाच्या कलादालनातून ते हिरवं चित्र गायब झालं. माफी नाही, चकार शब्द नाही. गुपचूप.

एक उत्तर मात्र आलं. स्टेट कॉलेजला शिकणाऱ्या एका मुलाचं. कुणीतरी पत्ता पुढे पाठवला असणार. ‘ताई, माझ्या आईची पण साडी पांढरीच होती. रूममेट्सना मी लग्नाचे फोटो दाखवत नाही. प्लीज माझं नाव कुणाला सांगू नका.’ ते वाचून मला बरं वाटलं नाही. मला संताप आला. इतका शिकलेला मुलगा, आणि आईचा फोटो पेटीच्या तळाशी. त्याला काय बोलणार? मीही ‘नागपूरचं’ म्हणालेच होते की.

पुढच्या आठवड्यात नवरा ऑफिसातून आला. बूट काढता काढता म्हणाला, “आज काकांनी विचारलं. लंचमध्ये. सगळ्यांसमोर. तुम्ही पण तेच का, म्हणाले.”

“मग?”

“हो म्हणालो.”

त्याचा चेहरा पांढराफटक होता. आमचे कागद पुढे बरेच महिने हलले नाहीत. का, ते कुणी सांगितलं नाही. काकूंकडून पुन्हा बोलावणं आलं नाही. हळदीकुंकवाला नाही, गणपतीला नाही. दुकानात समोर आल्या तर डाळींच्या पाकिटांवरचं बारीक अक्षर वाचत बसतात.

वाचोत.

आई कॅफेत जाऊन आली. शेजारणींना घेऊन गेली होती. फोनवर म्हणाली, “पांढरीच हाय ना वं. बरोबर हाय.”

मी अजून रंगवते. वस्तीतल्या सगळ्या बायका रंगवणार आहे, एकेक करून. त्यांना विचारून. पण आता मी सही कोपऱ्यात करत नाही. कोपरा कापता येतो. आता मी पूर्ण नाव बाईच्या पदरावर लिहिते, छातीजवळ, चित्राच्या मधोमध. ज्याला माझं आडनाव नको असेल, त्यानं ती बाई फाडावी. आणि फाडताना मी समोर उभी असेन.