मुकी खाला

खालाची जीभ तिच्या चिमटीत असायची. हो, खरंच सांगतेय. कुणी कुणाची चुगली सुरू केली की ती दोन बोटांत स्वतःच्या जिभेचा शेंडा धरायची आणि समोरच्याकडे नुसती बघत राहायची. लग्न होऊन मी चिंचपोकळीच्या या बिल्डिंगमध्ये आले, तेव्हा पहिल्यांदा ते पाहून मला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलंय! मग तिनंच सांगितलं, "अगो, पैगंबरसाहेबांनी अशीच जीभ धरून दाखवलेली. म्हणाले, ही सांभाळ." सगळे तिला मुकी खाला, म्हणजे मुकी मावशी म्हणायचे. माहेर-सासर दोन्ही दापोलीकडचं. नवरा रे रोडच्या लाकडाच्या वखारीत होता, तो वारल्यापासून एकटीच राहायची. वरच्या मजल्यावर तिची सख्खी धाकटी बहीण आमिना आणि आमिनाचा मुलगा इरफान. खालाला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे इरफान तिच्याच अंगाखांद्यावर वाढलेला.

मुकी म्हणजे अबोल नव्हे हं. माशांचे भाव, लिफ्ट कधी होणार, कुणाच्या पोराचा ताप उतरला का, यावर ती मोप बोलायची. फक्त जो समोर नाही त्याच्याबद्दल वाईट बोलायची नाही. मी पडले मुळातच तोंडाळ. एकदा तिच्या घरी मटण खाताखाता मी माझ्या नणंदेचा उद्धार सुरू केला. खाला म्हणाली, "बोल, पण आधी ताट सरकव. पाठीमागे वाईट बोलायचं म्हणजे मेलेल्या भावाचं मांस खायचं, कुराणात सांगितलंय." कपाळ माझं! घास गिळवेना की थुंकवेना. तिच्या हातचं एवढं झणझणीत मटण, त्या दिवशी फुकट गेलं.

बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिला मीच घातलं होतं. आठवडाभरात बाहेर! विचारलं तर म्हणे, "बोटानं केलेली चुगली, ती पण चुगलीच गो. चांगलं बोलावं, नायतर गप्प बसावं."

आणि तिचं खरं काम म्हणजे मय्यतीला आंघोळ घालणं. आसपास कुणी मुस्लिम बाई वारली की गुसल द्यायला खालालाच बोलावणं यायचं. बोरीचा पाला घालून उकळलेलं पाणी, कापूर, चहूबाजूंनी धरलेल्या चादरी. आत काय पाहिलं, हे तिच्या तोंडून कधी कुणी ऐकलं नाही. मी खोदून खोदून विचारायचे, कुणाला कोड होतं का, कुणाचं पोट फुगलं होतं का. ती म्हणायची, "मय्यतीचा ऐब, तिचं काही उणं, ज्यानं पाहिलं त्यानं झाकायचं. तिला आता स्वतःचा पदर ओढता येत नाही ना."

तर ती ही खाला. आता त्या दुपारचं सांगते. इरफानची बायको शबाना गेली. पंचविशीची पोर, सकाळी न्हाणीत पाय घसरून डोकं आपटलं म्हणे. ओळखीच्या डॉक्टरनं दाखला दिला, असरच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या नमाजानंतर जनाजा ठरला. आम्ही बायका जिन्यात उभ्या, पुरुष खाली. आमिना भिंतीला टेकून रडत होती. खाला मदतीला दोन बायका घेऊन आत गेली, आणि जरा वेळानं एकटीच बाहेर आली. बाह्या ओल्या.

"गुसल थांबवलंय मी," ती म्हणाली. "पोलिसांना बोलवा. पोरीच्या गळ्यावर बोटं उमटलीत."

आमिना किंचाळली, "आपा, गप्प बस! तुझा इरफान आहे तो!" नात्यातले एक बुजुर्ग धावत वर आले. हळू आवाजात म्हणाले, "खाला, मय्यतीचं झाकायचं असतं. तुम्हीच तर सगळ्यांना शिकवलंत."

"तिचा ऐब असता तर झाकला असता," खाला म्हणाली. "हा तिचा नाही. मारणाऱ्याचा आहे."

आयुष्यभर जिला कुणाबद्दल वाकडा शब्द बोलताना ऐकलं नाही, ती भरल्या जिन्यात स्वतःच्या हातानं भरवलेल्या पोराविरुद्ध बोलत होती. बोलताना रडत होती, पण एक शब्द मागे घेतला नाही तिनं. पोलीस आले. संध्याकाळी इरफानला घेऊन गेले.

सेशन्स कोर्टात तिच्याबरोबर मी गेले. पाहिलं तेवढंच तिनं सांगितलं. पुढे वकिलांनी इरफानच्या स्वभावाबद्दल विचारलं, तर "ते मी पाहिलेलं नाही" म्हणून गप्प. आमिनानं मात्र बहिणीशी नातं तोडलं. येता-जाता, दार उघडं टाकून, खालाला ऐकू जाईल असं तळतळून बोलायची. डाकीण म्हणायची. मला इतका संताप यायचा! मी उलट बोलायला उठले की खाला माझा हात धरून खाली बसवायची. "आई आहे ती. तिला बोलू दे."

गेल्या थंडीत खाला झोपेतच गेली. गुसल कोण देणार, अशी कुजबुज चालू असताना जिना उतरून आमिना आली. आम्ही सगळ्या हबकलो. कुणाला अडवायचं धाडस होईना. "माझी बहीण आहे," एवढंच म्हणून ती चादरीआड गेली.

आता ही बाहेर येऊन काय काय बोलेल, मेलेल्या बाईची काय इज्जत घालवेल, या विचारानं मी दाराशीच उभी राहिले.

ती आली. बाह्या ओल्या होत्या. सगळ्यांच्या नजरा तिच्या तोंडाकडे. ती माझ्यापाशी थांबली.

"झाकायचं काहीच नव्हतं गो तिचं," आमिना म्हणाली. "काहीच नव्हतं."