कॅसेटला दहापैकी साडेनऊ

टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणाऱ्या या गृहस्थांना गल्लीत सगळे तपासमास्तर म्हणत, आणि ते नाव त्यांनी घाम गाळून कमावलं होतं. तीस वर्षांत त्यांच्या दुकानातून एकही वस्तू चालवून बघितल्याशिवाय बाहेर पडली नव्हती. साधा बल्ब घ्यायला जा, मास्तर तो पेटवणार, विझवणार, पुन्हा पेटवणार आणि वर चिठ्ठी चिकटवणार : 'तपासले. चालू आहे.' खाली तारीख, सही. मुलगी पाहायला गेले तेव्हा होणाऱ्या सासऱ्यांच्या घरातली झाडून सगळी बटणं दाबून आले होते. स्वतःला लेक झाली तेव्हा पाळण्यापाशी जोरात टाळी वाजवली. बाळ दचकलं, तेव्हा कुठे स्वारी हसली.

त्या लेकीच्या दहाव्या वाढदिवसाला त्यांनी मारामारीच्या व्हिडिओ गेमची कॅसेट आणली. खोक्यावर दोन दांडगे गडी एकमेकांच्या अंगावर धावून गेलेले. बायकोने ती दारातच काढून घेतली. "आधी परीक्षा होऊ दे. आणि तुम्हीही हात लावायचा नाही." खोकं कपाटावर गेलं. पुढे शाळेची परीक्षा, कॉलेजची परीक्षा, नोकरीची परीक्षा. लेक एकतीस वर्षांची झाली तरी खोकं कपाटावरच होतं.

मग दुकानाच्या मालकाने गाळा विकायला काढला. "पहिला हक्क तुमचा, पण महिनाअखेरपर्यंतच," तो म्हणाला. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. लेकीने मात्र कुठून तरी शोधून काढलं, की अशा न फोडलेल्या जुन्या कॅसेटवर लोक वेड्यासारखे पैसे उधळतात.

खोकं कपाटावरून दुकानात आलं, आणि तसा एक संग्राहकही आला. पांढरे हातमोजे, बॅटरी, भिंग. वेष्टनाचे चारही कोपरे त्याने श्वास रोखून पाहिले. "दहापैकी साडेनऊ!"

"बघ," बायको लेकीला म्हणाली, "तुला कधी मिळाले होते एवढे?"

त्याने किंमत सांगितली आणि मास्तरांचे डोळे पांढरे झाले. तेवढ्यात गाळा आला असता, आणि वर एक पंखा.

"चालवून बघायची ना?" मास्तरांनी विचारलं.

संग्राहक मटकन स्टुलावर बसला. "चालवायची? अहो, ही नुसती ठेवायची असते!"

"आणि बंद निघाली तर?"

"निघू दे की. मला काय करायचंय!"

गुरुवारी पैसे घेऊन येतो म्हणून तो गेला, पण त्याचं हे बोलणं मास्तरांच्या घशाखाली उतरेना. बुधवारी दुपारी दुकानात कोणी नव्हतं. हात नुसते शिवशिवत होते. शेवटी त्यांनी ब्लेड घेतलं, वेष्टन चिरलं आणि कॅसेट दुकानातल्या जुन्या गेमच्या मशीनमध्ये घातली. पडदा काळाच!

मास्तरांना केवढा आनंद झाला म्हणून सांगू. म्हणजे संशय खरा होता. आतला एक सांधा सुटला होता, तो त्यांनी वीस मिनिटांत डाग देऊन जोडला. दोन्ही गडी पडद्यावर उड्या मारू लागले. कॅसेट परत खोक्यात घातली, नवं प्लास्टिक गरम हवेने ताणून बसवलं, आणि एका गड्याच्या छातीवर चिठ्ठी लावली.

गुरुवारी संग्राहकाने ती वाचली. "हे काय आहे?"

"मजुरी धरलेली नाही," मास्तर म्हणाले.

संग्राहकाने एकेक हातमोजा काढला. "दहापैकी दोन," तो पुटपुटला आणि नवी किंमत सांगितली. त्यात आता फक्त पंखा येत होता. मास्तरांनी नको म्हटलं.

तो गेल्यावर लेक रडायलाच लागली. "बाबा, दुकान गेलं! का उघडलंत?"

"अगं, बंद होती ती. बंद माल द्यायचा का आपण?"

मग बायकोने स्वतःच नवं प्लास्टिक फाडलं आणि कॅसेट लेकीच्या हातात दिली. "घे. झाल्या परीक्षा."

लेक गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसून नाक ओढत खेळली. पहिले तीन डाव हरली. चौथ्यात तिच्या गड्याने समोरच्याला आडवा केला तेव्हा मास्तरच ओरडले.

महिनाअखेरीला त्यांनी गाळा रिकामा केला. शटरला तेल दिलं, कुलूप चारदा उघडून लावून पाहिलं आणि किल्ली मालकाच्या हातात ठेवली. मालकाने घरी जाऊन पाहिलं, तर किल्लीला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली होती : 'दुकान. तपासले. चालू आहे.'