काकाजींचा टाका

टाकेवाले काकाजी गिटार कानाने ऐकत नसत, हनुवटीने ऐकत. डावा कान लहानपणीच गेलेला, उजवा अर्धामुर्धा. बेस गिटार दुरुस्तीला आली की ते चष्मा काढून ठेवत, हनुवटी तिच्या लाकडावर टेकवत आणि जाड तार छेडत. मग मान न उचलता निदान सांगत, "तारांखालचं पिकअप ठीक हाय. नॉबमधी धूळ हाय." उघडल्यावर धूळच निघायची.

आर्णीत त्यांचं दुकान होतं. पावसाळ्यात तिथे पाय ठेवायला जागा नसे. बॅटरीवरच्या फवारणी पंपांची रांग दाराबाहेर यायची. तरी आमच्या गायन पार्टीचं सामान आलं की पंप बाजूला सरकत. एकदा एक शेतकरी वैतागला, "काकाजी, तुमच्या गाण्यासाठी अळी थांबते का?" काकाजी म्हणाले, "तिले बी ऐकू दे ना बाप्पा."

आमची पार्टी भीमगीतांची. मुख्य गायक वसंतभाऊ, आणि त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा. मी मागे उभा राहून बेस वाजवतो. मला बोलणं कधी फारसं जमलं नाही, आणि बेसवाल्याकडून कोणी बोलण्याची अपेक्षाही करत नाही. काकाजी जाऊन वर्ष झालं. त्यांच्याबद्दल लिहायचं तर आधी माझं एक खोटं लिहावं लागतं.

माझी बेस जुनी, आवाज बसका. मी कुरिअरने नवं सर्किट मागवलं, नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर चालणारं. काकाजींनी दोन दिवस खपून ते बसवलं. सोल्डरिंगच्या जोडाला ते टाका म्हणत, आणि "टाका म्हणजे माही सही हाय" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गिटार हातात देताना त्यांनी बजावलं, "वाजवणं झालं का गिटारमधून स्पीकरची वायर काढत जा. वायर लागून राह्यली तर बॅटरी आतल्या आत संपते. समजलं?"

"समजलं."

समजलं होतंच. पण वायर काढली की स्पीकरमध्ये धाडकन आवाज व्हायचा आणि वसंतभाऊ खेकसायचे. म्हणून तालमीच्या खोलीत मी गिटारचा आवाज बंद करून वायर तशीच ठेवू लागलो. दोन महिने ठेवली.

महागावच्या कार्यक्रमात वसंतभाऊंनी वरचा सूर लावला आणि माझ्या बेसचा आवाज आधी फाटला, मग ती मुकी झाली. मंडपात शिट्ट्या सुरू झाल्या. मी मंचामागे धावलो आणि मागचं झाकण उघडल्याबरोबर काय ते कळलं. निवेदकाच्या जादा माईकमधली बॅटरी काढून लावली. बेस अशी घुमली की लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"काय झालतं बे?" वसंतभाऊंनी विचारलं.

"टाका सुटलता. दाबून बसवला."

तोंडातून निघून गेलं. सोल्डरिंगच्या बंदुकीशिवाय टाका बसतो कसा, हे कोणीच विचारलं नाही. उलट "सुधाकरनं आज इज्जत राखली" म्हणून पाहुण्यांसाठी आणलेला हार वसंतभाऊंनी माझ्या गळ्यात घातला. हार काढून खरं सांगायला मला मिनिटभर लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी वसंतभाऊ काकाजींच्या दुकानात गेले. मी सोबत होतो. गिऱ्हाईकांसमोर ते म्हणाले, "काकाजी, तुमच्या हातात आता काही राह्यलं नाई. महागावात नाक कापलं आमचं."

"माहा टाका सुटला?" काकाजी एवढंच म्हणाले. माझ्याकडे पाहिलं. मी पंप मोजल्यासारखं करत राहिलो.

तेव्हापासून पार्टीचं सामान पांढरकवड्याला जाऊ लागलं, पाठोपाठ बँडवाल्यांचंही. पंप तेवढे राहिले. मी येता-जाता पाहायचो. काकाजी आता प्रत्येक टाका लावला की पकडीने ओढून बघत. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. आधी कधी बघत नसत. तीन वर्षं मी ते पाहत गेलो आणि काही बोललो नाही.

मग आर्णीतच नव्या विहाराच्या सभागृहाचं उद्घाटन आलं. सकाळी दहाचा कार्यक्रम, गाव लोटलेलं, आणि माझी बेस भुणभुण करू लागली. आदल्याच आठवड्यात पांढरकवड्याच्या मेकॅनिकने ती उघडली होती. वायर बदलली, स्पीकर बदलला, भुणभुण तशीच. "राहू दे बेस," वसंतभाऊ म्हणाले. मी मोटरसायकल काढली आणि काकाजींना हत्यारांच्या पेटीसकट घेऊन आलो. कसं बोलावलं, आठवत नाही. ते मात्र एका शब्दात आले. "चाल."

त्यांनी चष्मा काढला, हनुवटी टेकवली. तारांना हात लावला तरी भुणभुण सुरूच, वायर खुपसतात तिथल्या पत्र्याला लावला की गप्प. "अर्थिंग गेली. तारा अडकवते त्या ब्रिजखालची बारीक वायर पाहा, उघडणाऱ्यानं तोडून ठेवली." पाच मिनिटांत त्यांनी ती जोडली. बेस एकदम शांत. सगळे हसले.

वसंतभाऊ मात्र म्हणाले, "ते ठीक हाय काकाजी. पण महागावसारखा टाका सुटला तर?"

काकाजींनी मान खाली घातली. समोर माईक उभा होता. मी तो हातात घेतला. बेसवाला माईकवर बोलतोय म्हणून लोक आधीच गप्प झाले.

"महागावात टाका सुटलाच नव्हता," मी म्हणालो. "बॅटरी संपली होती. काकाजींनी वायर काढायला सांगितलं होतं, मी काढली नाही. मी खोटं बोललो."

काकाजींनी माझी बाही ओढली. "उजव्या बाजूनं सांग बाप्पा. काय म्हणून राह्यला?"

मी उजव्या कानाशी पुन्हा सांगितलं. सगळं.

"म्हणजे टाका सुटला नव्हता?"

"नव्हता."

"तीन वर्षं लेका," ते म्हणाले, "तीन वर्षं मी माह्याच हाताले शिव्या देऊन राह्यलो." माझ्या थोबाडीत बसेल असं वाटलं, आणि बसली असती तर बरं वाटलं असतं. पण त्यांनी गिटार उलटी केली, झाकण उघडलं आणि पकड वसंतभाऊंच्या हातात दिली. "हा तोच टाका. ओढा."

"राहू द्या ना काकाजी."

"ओढा म्हणतो ना!"

वसंतभाऊंनी ओढलं. काही नाही. "जोर लावा, गाणारा माणूस तुमी!" मागून कोणीतरी ओरडलं. वसंतभाऊंनी दात आवळून हिसका दिला. वायर मधोमध तुटली. टाका जिथल्या तिथे होता, चकचकीत.

काकाजींनी गिटार लोकांकडे वळवून तो दाखवला. शेवटच्या रांगेतल्यांना काय दिसणार होतं? पण टाळ्या तिथूनच सुरू झाल्या.

"आता वायर नवी लावावी लागते," काकाजी पाय पसरून मंचाच्या मधोमध बसले. "बसा दहा मिनिटं."

मग वसंतभाऊंनी माईक घेतला आणि सगळ्या गावाला सांगितलं, "काकाजी टाका लावून राह्यले. त्यांचं झाल्याशिवाय कार्यक्रम सुरू होनार नाई." आणि माईक ठेवून, पांढऱ्या कडक इस्त्रीच्या सदऱ्यात, ते स्क्रूंची वाटी दोन्ही हातांनी धरून काकाजींजवळ उभे राहिले.