गादीवाल्या चाचांची बर्फपेटी

गादीवाले चाचा कुठल्याही वस्तूला आधी गाल लावत. नवी गादी असो, गिऱ्हाइकानं आणलेली जुनी रजई असो, हात लावायच्या आधी गाल. "हात खोटं बोलते," ते म्हणत. "काम करून करून त्याले घट्टे पडले. गाल अजून कोरा हाय." बाभुळगावच्या बाजारात त्यांचं पिंजाऱ्याचं दुकान होतं. दाढी आधीच पांढरी, त्यात कापसाचे तंतू अडकलेले; दाढी कुठं संपते आणि धंदा कुठं सुरू होतो ते कळत नसे.

मी वेंगुर्ल्याकडचा. वडील गेले आणि सातवीतच शाळा सुटली. पुढं कुणाच्या तरी ओळखीनं देवीची लस टोचायचं काम मिळालं आणि नेमणूक झाली ती इतक्या लांब, वऱ्हाडात. साठ सालानंतरची ती वर्षं. लोक मला 'देवी डॉक्टर' म्हणत आणि प्रत्येक वेळी वाटे, आता कुणीतरी विचारील, शिक्षण किती?

लस काचेच्या बारीक नळ्यांतून यवतमाळहून एसटीनं येई, बर्फावर ठेवलेली. आमच्याकडं ती ठेवायला एक लाकडी पेटी होती. आत पत्र्याचा डबा आणि दोहोंच्या मधे लाकडाचा भुसा. वैशाखात त्या पेटीतला बर्फ दुसऱ्या दुपारी पाणी होई. लस एकदा तापली की मेली. टोचली काय, न टोचली काय. लांबच्या एका बंजारा तांड्यावर मी एक्केचाळीस मुलांना टोचलं आणि आठव्या दिवशी पाहायला गेलो, तर एकाच्याही दंडावर फोड नव्हता. तांड्याचे नायक रागावले नाहीत, तेच मला जड गेलं. म्हणाले, "बापू, लेकरं रडवली अन् उठलं काहीच नाही. आणखी एक डाव येजो. तिसऱ्यानं मी बायांले सांगू शकत नाही." तिथून दोन गावं सोडून देवीचा रोगी निघालेला होता.

पेटीला रजई गुंडाळावी, असं माझ्या मनात आलं. दवाखान्यातला शिपाई पोट धरून हसला. "बर्फाले रजई? अजून लवकर वितळीन ना तो." तरीही मी चाचांकडं गेलो आणि लाजत लाजत विचारलं. ते हसले नाहीत.

"रजई कोणाले गरम करते का रे? माणसाची गरमी माणसापाशी ठेवते, बर्फाची थंडी बर्फापाशी ठेवीन. रजईले काय ठाव, आत कोण झोपला."

पेटी त्यांनी दुकानातच ठेवून घेतली. भुसा उपसला तर तो ओला, आंबूस वासाचा. डब्याच्या सांध्यातून बर्फाचं पाणी रोज त्यात झिरपत होतं. "भिजल्या रजईत तू झोपशील काय?" असं मलाच दटावून त्यांनी डब्याच्या सांध्यांना कल्हईवाल्याकडून डाग देऊन गळती बुजवून घेतली, वरून मेणकापड शिवलं आणि भोवतीच्या फटीत पिंजलेला कापूस बोटांच्या टोकांनी, बाळाला अंगडं घालावं तसा भरला. झाकणाच्या आतून एक बोटभर जाडीची गादी बसवली. येणारे जाणारे विचारत, "चाचा, कोणाची गादी?"

"बर्फरावची. पाव्हणे हायेत. ऊन सोसत नाही त्याहिले."

चूक केली ती मी. पेटी घरी नेली आणि ते भरण मला फार सैल वाटलं. तांडा डोळ्यांसमोर होता. आमच्या गावाकडं काथ्याची गादी ठासून भरतात. जितकी घट्ट तितकी चांगली. मी आणखी कापूस घेतला आणि काठीनं ठोकून ठोकून आत कोंबला. सकाळपर्यंत बर्फ निम्मा गेला होता.

चाचांनी पेटीच्या बाजूला गाल लावला. बराच वेळ लावून ठेवला. "थंडी बाहेर येऊन राह्यली. कोणं कोंबलं हे?"

"मी," मी म्हणालो.

"काहून?"

"भीती वाटली."

"कापूस काही थंडी धरत नाही बेटा, कापसातली हवा धरते. तिचाच गळा दाबला तू. डाक्टर होऊन."

एवढंच बोलले. मग सगळा कापूस उपसून पुन्हा पिंजायला बसले आणि मला शेजारी बसवलं. कापूस पिंजायच्या धनुकलीची तात टणत्कारत होती. कापसात गाठ असली की तिचा आवाज बसतो, मोकळा झाला की खुलतो, हे त्यांनी मला तेव्हा ऐकवलं. त्या खेपेला बर्फ तिसऱ्या दिवसाच्या संध्याकाळपर्यंत टिकला.

मी बैलगाडीनं तांड्यावर गेलो, पेटीवर स्वतःची सावली धरून. एक्केचाळीस मुलांना टोचलं. पुढचे आठ दिवस मला जेवण गेलं नाही. आठव्या दिवशी बायांनी मुलांना ओळीनं उभं केलं, बाह्या वर केल्या. पहिल्याच्या दंडावर मोत्यासारखा टपोरा फोड. दुसऱ्याच्याही. नायक माझ्या मागून प्रत्येक दंड वाकून पाहत होते. "उठली," ते हळूच म्हणत, "हिचीही उठली."

परत आलो तो थेट दुकानात. घामानं निथळत म्हणालो, "चाचा, एकोणचाळीस."

पिंजता पिंजता ते थांबले. "होते किती?"

"एक्केचाळीस."

"मंग दोन कोण ते सांग ना. नावं काय त्याहिची?"

मला नावं ठाऊक नव्हती. चाचांनी पेटी जवळ ओढली, कापूस काढला आणि दुकानापुढच्या फळीवर उन्हात पसरला. "जाय, नावं घेऊन ये," म्हणाले. "तवरक हा सुकते."

मी सायकल काढली. एक सोमली होती, दुसरा थावरू. पेटी पुन्हा भरून नेली, दोघांना परत टोचलं, आणि पुढच्या आठवड्यात दोघांच्याही दंडावर फोड उठले.

दीड वर्षानं माझी बदली झाली. निघताना चाचांनी पेटी एकदा गालानं तपासून दिली, बस. पुन्हा भेट झाली नाही. ते गेल्याचं मला फार उशिरा कळलं. पुढं नोकरीभर माझ्या अहवालाच्या पहिल्या ओळीत राहिलेल्यांची नावं असत, टोचलेल्यांचा आकडा खाली. रत्नागिरीच्या एका साहेबांनी एकदा विचारलं, ही उलटी रीत कुठली?

"आमच्याकडं असंच लिहितात साहेब," मी म्हणालो. "बाभुळगावला."