देवस्थळींचा हुंकारा

पंढरीनाथ देवस्थळी तरुणपणी बॉनला आले ते टेलिफोनच्या एका मोठ्या कंपनीत, आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. एवढ्या वर्षांत मीटिंगमध्ये त्यांच्या तोंडून सर्वांत जास्त वेळा निघालेला शब्द म्हणजे ‘गेनाऊ’. समोरचा काहीही म्हणो, हे मान डोलावून ‘गेनाऊ’, म्हणजे ‘अगदी बरोबर’, म्हणत. त्यावर नोकरी सुखाने पार पडली. घरी गेनाऊच्या जागी ‘हूं’ असे. शैलाताई बोलत, हे हूं म्हणत, संसार चाले.

निवृत्तीनंतर ते दिवसभर शैलाताईंच्या पायात पायात येऊ लागले, तेव्हा त्यांनीच नवऱ्याला गावातल्या एका छोट्या म्युझियममध्ये कामाला धाडलं. काळा कोट घालून दालनाच्या कोपऱ्यात उभं राहायचं आणि कुणी वस्तूला हात लावू लागलं तर हळूच खाकरायचं. देवस्थळींना हे काम फार मानवलं. दिवसचे दिवस खाकरण्यावर निघत.

या वसंतात म्युझियमने जैसलमेरचं प्रदर्शन मांडलं. पिवळ्या दगडाच्या जाळ्या, उंटांची खोगिरं, लग्नाच्या ओढण्या. शनिवारी संध्याकाळी त्याच दालनात कार्यक्रम ठेवला होता. तिकडून भंवरदानजी नावाचे कथा सांगणारे म्हातारे गृहस्थ आले होते. बरोबर त्यांचा चुलतभाऊ होता, हुंकारा द्यायला. तिकडची रीतच अशी, की एकाने गोष्ट सांगायची आणि दुसऱ्याने वाक्यावाक्याला हूं म्हणून ती पुढे ढकलायची. पण विमानातल्या गारठ्याने हा भाऊ तापाने हॉटेलात झोपून राहिला.

प्रदर्शनाचं सगळं बघणाऱ्या लिंडनरबाईंनी आदल्या दिवशी देवस्थळींना गाठलं. “आल्झो, हेर देवस्थळी,” म्हणजे ‘तर मग, देवस्थळीसाहेब’, “तुम्हाला हिंदी येतं. आणि फक्त हूं म्हणायचंय.”

“लोकांसमोर?” देवस्थळी एक पाऊल मागे सरकले. “मला नाही जमायचं.”

नेमक्या तेव्हाच शैलाताई त्यांचा डबा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “अहो, लग्न झाल्यापासून दुसरं केलंय काय तुम्ही? जगात कुणाला नसेल एवढा सराव आहे.”

झालं. दुपारी रंगीत तालीम, ती बघायला शैलाताईही थांबल्या. भंवरदानजी गालिच्यावर बसले, समोर देवस्थळी. गोष्टीत वऱ्हाड निघालं, उंट सजले, नगारा वाजला. देवस्थळी हूं, हूं करत होते, पण डोळे खुर्च्यांकडे. उद्या इथे किती माणसं बसतील, कोट कोणता घालावा, हेच मनात. अचानक भंवरदानजी थांबले आणि हसू लागले.

“साहब, ऊंट खजूर के पेड़ पर चढ़ गया, और आपने हूं कर दिया.”

देवस्थळी कानापर्यंत लाल झाले. शैलाताईंनी मात्र पदर तोंडाला लावला. “बाबाजी, तुम्ही एका दिवसात पकडलंत. माझे किती उंट चढवलेत यांनी झाडावर, त्याला मोजदाद नाही.”

भंवरदानजींनी मग समजावून सांगितलं, प्रेमानेच, पण स्पष्ट. हुंकारा पोकळ आला की त्यांना ते कळतं, आणि मग पुढचं वाक्य सुचतच नाही. ते तिथेच थांबतात, भर मैफलीत सुद्धा. आयुष्यात दोनदा तसं झालं होतं आणि दोन्ही वेळा लोक उठून गेले होते.

त्या रात्री देवस्थळींना जेवण गेलं नाही. आपल्यामुळे त्या म्हाताऱ्याची गोष्ट परदेशात बंद पडली, तर? सकाळी त्यांनी लिंडनरबाईंना फोन करून नाही म्हणायचं ठरवलं आणि शैलाताईंना तसं सांगितलं.

“करा फोन,” त्या म्हणाल्या. “पण काल एकदा तरी खरंच ऐकलंत का त्यांचं? चांगलं सांगतात हो ते.”

फोन राहिला.

संध्याकाळी दालन भरलं. भिंतीवर जर्मन भाषांतर उमटत होतं. प्रेक्षक चर्चमध्ये बसावेत तसे गप्प. भंवरदानजींनी सुरुवात केली. देवस्थळींचा पहिला हूं निघालाच नाही. दुसरा निघाला, पण कोरडा. भंवरदानजी किंचित थांबले आणि त्यांनी देवस्थळींकडे पाहिलं. इकडे तिकडे पाहायला जागाच उरली नाही, म्हणून त्यांनी त्या म्हाताऱ्याच्या तोंडाकडे डोळे लावले आणि ऐकू लागले.

वऱ्हाड वाळूतून चाललं होतं. पुढे एक म्हातारी सांडणी, म्हणजे उंटीण. शहराची वेस दिसली आणि ती सांडणी मटकन खाली बसली. चुचकारलं, ओढलं, उठेना.

“हूं,” देवस्थळी म्हणाले, आणि त्यांनाही कळायच्या आत पुढचं निघून गेलं, “पाणी पाजलं होतं का तिला?”

हे त्यांनी मराठीत विचारलं होतं. भंवरदानजींना ते बरोबर पोचलं. “पिलाया, साहब. दो मटके.”

“मग पायात काटा गेला असेल.”

“देखा. कांटा नहीं.”

भिंतीवरचं भाषांतर मागेच राहिलं. लिंडनरबाई कागद चाळू लागल्या, कारण यातलं काहीच त्यात नव्हतं. पण लोक आता भिंतीकडे बघतच नव्हते. दोन म्हाताऱ्यांकडे बघत होते. पहिल्या रांगेतल्या एक आजीबाई पुढे सरकून बसल्या होत्या.

भंवरदानजींनी आवाज खाली आणला. सगळ्यांनी सांडणीची तपासणी केली, खोगीर पाहिलं, दोर पाहिले. शेवटी एका पोरीच्या लक्षात आलं, की सांडणी मागे बघतेय. सगळ्यांनी मागे पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.

“हूं,” देवस्थळी म्हणाले. आणि मग एकदम ताठ झाले. “थांबा. नवरदेव कुठाय?”

भंवरदानजींनी मांडीवर थाप मारली. नवरदेव मागच्या विहिरीवर तोंड धुवायला उतरला होता, आणि नगाऱ्याच्या नादात अख्खं वऱ्हाड त्याला तिथेच विसरून आलं होतं. भाषांतराला गोष्टीतली ही जागा सापडली आणि ते भिंतीवर उमटलं, तसं सगळं दालन हसलं. शैलाताई तर डोळे पुसत होत्या.

देवस्थळी तेवढे हसले नाहीत. ते गालिच्यावर पुढे सरकत सरकत भंवरदानजींच्या गुडघ्याला टेकले होते.

“आणि तिकडे नवरीला कुणी सांगितलं? तिच्या बापाला काय वाटलं असेल? मग?”

“साहब,” भंवरदानजी पाण्याचा पेला उचलत म्हणाले, “सांस तो लेने दो.”