गिअरला बांधलेलं घड्याळ

गेल्या मंगळवारी सकाळी मी चक्क माझ्या बाबांचा पाठलाग केला. डिचोलीत, भर रस्त्यात, ओढणीने तोंड झाकून... शाळेतल्या मुलांनी बघितलं असतं तर त्यांच्या बाईंचं काही खरं नव्हतं.

मी मुळातच संशयी आहे. भाजीवालीचा काटासुद्धा मी दोनदा बघते. पण या वेळी संशयाला कारण होतं.

तीन महिन्यांपूर्वी बाबांना हार्ट अटॅक आला. थोडक्यात वाचले. म्हापशाच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्याच, पण मागच्या तपासणीत बजावलं की आता रोज भरभर चालायचं, हळूहळू वाढवत अर्धा तास.

हृदयाच्या स्नायूतल्या पेशींनाही सराव लागतो म्हणाले... नियमित चाललं की त्या प्राणवायू नीट वापरतात, जोर लावून आकुंचन पावतात आणि पुढच्या ठोक्याआधी पुरत्या सैल होतात. नुसतं बसून राहिलं तर चांगला उरलेला स्नायूही सुस्तावतो.

बाबांना हे काडीचं पटलं नाही. उभी हयात खाणीवर टिप्पर चालवलेला माणूस... त्यांच्या मते डॉक्टर पोरगेलासा होता आणि हृदय म्हणजे इंजिन. "इंजिन जितक्या धावतला तितक्या झिजतला," एवढं बोलून त्यांनी विषय संपवला.

खरं सांगायचं तर क्षणभर मलाही शंका आली. दुखावलेल्या हृदयाला पुन्हा कामाला कशाला जुंपायचं? पण दुसऱ्या अटॅकची भीती त्याहून मोठी होती, म्हणून मी पावलं मोजणारं घड्याळ आणून त्यांच्या मनगटावर बांधलं.

आणि काय आश्चर्य... दुसऱ्या दिवसापासून बाबा न सांगता सहाला बाहेर! पाऊण तासाने परत येत, घड्याळात पावलं भरपूर. आई खूश होऊन गेली.

मी मात्र शर्ट बघत होते. कोरडा. चपलांना लाल मातीचा कणही नाही. आमचा पाववाला पोदेर रोज सकाळी गरम उंडे घेऊन सायकलवरून वाड्यातली सगळी घरं फिरतो, त्याला मी आडून आडून विचारलं... त्याने बाबांना चालताना एकदाही पाहिलं नव्हतं.

म्हणून तो पाठलाग. फार लांब जावंच लागलं नाही. घरामागे एका बंद गॅरेजच्या आवारात बाबांचा जुना टिप्पर उभा असतो, खाणी बंद पडल्या तेव्हापासून. तो रोज थोडा वेळ चालू करायची बाबांची जुनी सवय, त्यामुळे त्या आवाजाकडे घरात कुणाचं लक्षच नसतं. बाबा सरळ केबिनमध्ये चढले आणि त्यांनी गाडी चालू केली.

मी पायरीवर चढून आत डोकावले. बाबा निवांत पेपर वाचत बसलेले. घड्याळ गिअरच्या दांड्याला बांधलेलं. गाडी जागच्या जागी थडथडत होती आणि घड्याळ इमानदारीत पावलं मोजत होतं...

मला इतका राग आला की रडूच फुटलं. तीन महिने रोज रात्री यांचा श्वास ऐकत पडते मी, आणि हे मलाच फसवतायत? खूप बोलायचं होतं, पण तोंडून भलताच प्रश्न निघाला.

"बाबा, हिका रोज चालू कित्याक करतास?"

"उभी रवली तर मरतली," ते सहज म्हणाले.

आणि मग स्वतःचंच वाक्य ऐकल्यासारखे घड्याळाकडे बघायला लागले. त्यांनी पेपर मिटला, गाडी बंद केली, दांड्यावरचं घड्याळ सोडलं आणि मनगटावर बांधून खाली उतरले.

बुधवारपासून बाबा तळ्यापर्यंत चालत जातात आणि येताना टिप्परही चालू करून येतात. पेशींनी काय ठरवलंय ते पुढच्या तपासणीत कळेल.

काल परत आले तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. न्हाणीत नेऊन मी आधी तो हुंगून बघितला... नळाखाली धरून आणला असला तर?

नाही. घामच होता. तो शर्ट छातीशी धरून मी तिथेच थोडा वेळ उभी राहिले... मग धुवायला घेतला.