लाखेचा शिक्का

आमच्या मालवणच्या कोर्टातले बेलिफ हुकूम पुस्तकी मराठीत वाचतात आणि लगेच मालवणीत पाणी मागतात. लाख ओतली की ती घट्ट होईपर्यंत फुंकर घालत बसतात.

तोंडवलीच्या होमस्टेच्या कमाईवरून दोन भावांचा दावा होता. मी थोरल्याचा वकील. पुरावा म्हणून बेलिफ धाकट्याचा कॉम्प्युटर सील करत होते. बुकिंगं त्यावर दिसत, पण राहत क्लाउडमध्ये. धाकटा शेजारीच बसून मोबाइलवरून ती पुसत होता. मी बेलिफांना खुणावलं.

"वकीलसायबानु, ऑर्डरीत कॉम्प्युटर आसा. मोबाइल नाय," म्हणाले आणि पुन्हा फुंकर घालू लागले.

तारखेला त्यांनी आधी सगळ्यांना लाख दाखवली. कुठेही तडा नव्हता. मग कॉम्प्युटर सुरू केला. बुकिंग एकही नव्हतं.